विहिरीतून वर आलेली बाई

त्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स मीच केला होता. चिखलीच्या बाजारात फ्लेक्स छापायचं एक दुकान आहे, तिथं मी डिझायनर म्हणून काम करते. मालकाने व्हॉट्सॲपवर आलेला फोटो माझ्या कॉम्प्युटरवर टाकला आणि म्हणाला, "दहा बाय आठ. खाली मित्रमंडळाचे फोटो घे, मागं सिंह टाक." मी फोटो उघडला तर आमचे जावई. म्हणजे माजी जावई. पांढरे कपडे, डोक्यावर गॉगल, हात जोडून उभे.

त्या जोडलेल्या हातांकडे मी जरा वेळ बघत बसले. मग कामाला लागले. चेहरा उजळ केला, गालावरचे खड्डे बुजवले, डोळ्यांखालचा काळेपणा पुसला. आमच्या धंद्याचा नियमच आहे, फ्लेक्सवर कुणी काळा नसतो आणि कुणी वाईट नसतो. 'लाडकं नेतृत्व, दिलदार मित्र' असं मी माझ्या हाताने टाईप केलं. माणसं येऊन गुंडाळी घेऊन गेली, मालक म्हणाला, "झकास झालं." मी संध्याकाळी जीपमध्ये दात-ओठ खात घरी गेले आणि ताईला काही सांगितलं नाही.

तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. ताई त्याची दुसरी. पहिली बायको विहिरीत पडून गेली होती. पाय घसरला, असं त्यांच्या गावात सांगतात. तिला लेकरू नव्हतं, माहेरचे लोक गरीब आणि लांबचे, त्यामुळे विषय तिथंच संपला. बिजवराचं स्थळ म्हणून आमच्याकडे थोडी कुरकुर झाली, पण ओलिताचं शेत, घरात माणसं मोजकी, हुंड्याचा हट्ट नाही. बाबा म्हणाले, पोरीने नशीब काढलं.

मांडवात ताईच्या गळ्यात मंगळसूत्रासोबत चांदीचा टाक घातला. टाक म्हणजे रुपयाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर एक बाई कोरलेली. दुसरीने पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात वागवायचा म्हणजे मेलेली सवत छळत नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. सणावाराला तिला हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, गोडधोड झालं की पहिला घास तिच्या नावाने काढायचा. मेलेलीने छळू नये म्हणून एवढा बंदोबस्त. जिवंत माणसाने छळू नये म्हणून कुणी काही बांधत नाही.

तिसऱ्या वर्षी, वैशाखात, ताई त्यांच्या शेतातल्या विहिरीत पडली. शेजारच्या वावरातल्या माणसांनी धप्पकन आवाज ऐकला. त्यांनी बाजेला चारी बाजूंनी दोर बांधून ती खाली सोडली आणि ताईला तिच्यावर निजवून वर काढलं. डावा खुबा मोडला होता. या वेळी 'पाय घसरला' म्हणता येत नव्हतं, म्हणून 'चक्कर आली' म्हणाले. ताईला दवाखान्यात विचारलं, तर ती म्हणाली, "पडली." दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही "पडली." तिसऱ्यांदा विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

मग आमच्या अंगणात बैठक बसली. त्यांच्याकडचे चार, आमच्याकडचे चार. मी तेव्हा बारावीत होते आणि चहा वाटत होते. त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, "झालं गेलं गंगेले मिळालं. पोरीचा पाय असा झाला, तिच्यानं आता वावरातलं काम होत नाही. मंग काऊन दोघाचे हाल करता?" स्टॅम्पपेपरवर फारकती लिहिली. मंगळसूत्र, जोडवी, पाटल्या, सगळं परत घेतलं. टाकाला मात्र कुणी हात लावेना. मेलेलीची वस्तू, कोण घेणार? तो ताईच्या गळ्यात राहिला. मी त्या म्हाताऱ्याला दुसरा चहा दिला नाही. माझ्या हातून झालेला तेवढाच सूड.

सात वर्षं झाली. ताई आमच्याकडेच आहे, शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवते. उजव्या पायाने मशीन चालवते, काम तिचं एक नंबर आहे. पण टाकी भरायला लागली की ती घरात जाऊन दार लावून घेते. खोल भांड्यात वाकून बघत नाही, मोठं पातेलं आईच घासते. मागून हाक मारली की आधी भिंत धरते आणि मग "ओ" देते. नवीन आलेल्या गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं. त्या बाया दारातून मोठ्याने हाक मारतात, आणि मी घरात असले तर त्यांच्या अंगावर धावून जाते. मग आई म्हणते, "तुले काय कुत्रं चावलं का वं?"

जपानी चित्रकथा मला दुकानात सापडल्या. दुपारी लाईट गेली की आम्ही मोबाईल बघत बसायचो, तशात एक दिवस एक मांगा उघडला. काळ्यापांढऱ्या चौकटी, एकामागून एक खून करणारा एक गोड माणूस. शेजाऱ्यांची कुलपं दुरुस्त करून देतो, म्हाताऱ्यांची पिशवी उचलतो आणि बाया मारतो. खुनाची पानं मी भराभर सरकवली. पण पुढं त्याच्या हातून वाचलेली एक बाई होती. ती स्वयंपाकघरात उभी असते आणि सहा चौकटी नुसता नळ गळतो. एक शब्द नाही. तिचं तोंड बघून मला वाटलं, आमच्या ताईचं यांना कुणी सांगितलं?

मग मी अधाशासारखं वाचत सुटले. त्या गोष्टींत कुणीतरी पोलीस असतो, तो भिंतीवर मेलेल्यांचे फोटो लावतो आणि एकाचा दुसऱ्याशी दोरा जोडतो. आमच्याकडे दोरा जोडणारं कोण आहे? एकीचा पाय घसरतो, दुसरीला चक्कर येते, आणि त्या विहिरीचा मालक वाढदिवसाला सिंहासमोर हात जोडून उभा राहतो. त्याला खुनी म्हणणारं तोंड अख्ख्या दोन तालुक्यांत नव्हतं. मी ठरवलं की आपणच त्याचा मांगा काढायचा.

खरं सांगते, मला न्यायबिय नको होता. मला त्याचं वाटोळं व्हायला हवं होतं. लोकांनी त्याच्याकडे बोट दाखवावं, पानटपरीवर तो आला की बोलणं थांबावं, त्याच्या घरचं पाणी कुणी पिऊ नये. हे सगळं मी डोळ्यांसमोर आणायची आणि मग पेन धरायची. सात-आठ महिने लागले. चोवीस पानं झाली. खुन्याला मी त्याचाच चेहरा दिला, फ्लेक्सवरचा, उजळ केलेला. पहिल्या पानावर माहेरी वेणी घालून घेणारी मुलगी. मग लग्न, गळ्यात टाक, घर, हसून वाढून घेणारा नवरा. मग विहिरीचा काठ आणि बाईच्या पाठीवर त्याचा हात. मग पडणं. शेवटचं पान अख्खं काळं पाणी आणि त्यात दोन उघडे डोळे.

त्यात शब्द मी मुद्दाम टाकले नाहीत. वरवर स्वतःला सांगायची की चित्र बोललं पाहिजे, पण आतून भीती होती. शब्द लिहिला की पुरावा होतो आणि तो माझ्यावरच बदनामीची केस टाकायचा. बाकी सगळं मी अगदी जपानी पद्धतीने केलं. त्यांची पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणजे आपल्या वहीचं जे शेवटचं पान तिथून त्यांची गोष्ट सुरू होते. परदेशातल्या वाचकांसाठी ते एक सूचना छापतात, की तुम्ही चुकीच्या बाजूने उघडलंय. ती सूचनाही मी टाकली नाही. मला तोच तर तोरा होता. चिखलीत बसून आपण अस्सल मांगा काढलाय, मग पाटी कशाला लावायची? ताईला मी यातलं एक पान दाखवलं नव्हतं.

आणि मग दिवाळीच्या आधी साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, एक फ्लेक्स दुकानात आला. ऑर्डर द्यायला मुलीचे मामा आले होते, साखरखेर्ड्याच्या अलीकडच्या एका गावचे. साधा माणूस, खिशाला पेन, हातात पिशवी. त्यांनी दोन फोटो दिले. एक बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, कॉलेजच्या ओळखपत्रावर असतो तसा फोटो. दुसरा त्याचा.

"जावई लय मोठा माणूस हाय, म्याडम," मामा म्हणाले. "पोरीनं नशीब काढलं."

तेच वाक्य. माझ्या बाबांच्या तोंडचं. मी तिथंच बोलायला हवं होतं, पण शेजारी मालक बसलेला, समोर गिऱ्हाईक. मी एवढंच केलं, जेवणाच्या सुट्टीत चोवीस पानं चांगल्या जाड कागदावर छापली, उजव्या बाजूने शिवली आणि पाकिटात घातली. मामांना म्हटलं, "हे नवरीला द्या. तिलाच द्या. दुकानाकडून भेट आहे." मामा पाकीट पिशवीत घालून गेले. त्या आठवड्यात मी हवेत होते. ती पोरगी पान उलटतेय, तिला चेहरा ओळखू येतोय, ती किंचाळतेय, घरात गलका होतोय, लग्न मोडतंय, तो शिव्या खातोय. जेवताना हसू यायचं आणि आई माझ्याकडे बघत राहायची.

आठ दिवसांनी मामा फ्लेक्स न्यायला आले. चेहरा हसरा.

"म्याडम, तुमचं पुस्तक पोरीले लय आवडलं. घरात साऱ्याईनं पाह्यलं. जावयाची गोष्ट हाय म्हणे त्यात."

मी विचारलं, "कोणती गोष्ट?"

"हेच की, बाई इहिरीत पडेल असते, पाण्यात. मंग वर येते. अन् ह्यानं तिले काठावर धरून बाहेर काढलं, घरी नेलं, जेवू घातलं, लगन केलं. शेवटी मायबापाच्या घरी बसून हासते. पोरगी म्हणे, मामा, एवढा चांगला माणूस हाय अन् लोक उगीच दुसरं-तिसरं बोलतात."

त्यांनी पुस्तक आपल्या वहीसारखं उघडलं होतं. कुणीही उघडेल तसंच. तिकडून वाचलं की ढकलणारा हात ओढून काढणारा हात होतो आणि खुनी देवमाणूस होतो. त्या घरात त्याच्याविषयी जी थोडी कुजबूज होती, तीसुद्धा माझ्या पुस्तकाने पुसून टाकली. दुसऱ्यांदा मीच त्याचा चेहरा उजळ केला होता. मामा गुंडाळी काखेत मारून निघाले, आणि मी "मामा, थांबा" म्हणेपर्यंत रस्त्यावरच्या गर्दीत दिसेनासे झाले. साक्षगंध परवावर आलं होतं.

मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि घरी गेले. ताई मशीनवर होती. मी तिच्या समोरून गेले, खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. वाढदिवसाचा फ्लेक्स, पुस्तक, मामा, ती पोरगी. माझ्याजवळची प्रत तिच्या मांडीवर ठेवली आणि कोणत्या बाजूने वाचायचं ते दाखवलं. तिने एकेक पान नीट पाहिलं. शिवणकामात चूक शोधावी तसं.

मला वाटलं रडेल. ती चिडली.

"हे असं नाही झालं," ती म्हणाली. "पाठीवर हात नव्हता. मोटरीचा दोर अडकला, पाह्य जरा, असं म्हणे, म्हणून मी वाकली. त्यानं माहे पाय उचलले. दोन्ही. अन् हे काय, मी तोंड फाडून ओरडून राह्यली. मले तं आवाजच नाही निंगाला."

सात वर्षांत पहिल्यांदा ती हे बोलली होती. मी हात पुढं केला तर तिने झटकला.

"मले इचारलं का तू? माह्यावर पुस्तक काढलं, गावोगाव वाटलं, अन् मलेच माहीत नाही. त्यानं एक बार ढकललं. तू तं आठ महिने ढकलून राह्यली."

मी म्हटलं, "ताई, मी तुझ्यासाठीच..."

"माह्यासाठी नाही. तुले तुहा राग काढाचा होता."

ते खरं होतं. ताईने हातातलं ब्लाऊज पुरं केलं, धागा तोडला, बटणं लावली. मग भिंतीला धरून उठली आणि म्हणाली, "जीप किती वाजता हाय तिकडची?"

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "आता कायले जाता? लोक नावं ठेवतीन." ताई म्हणाली, "ठेवू दे." बाबांनी ताईच्या चपला दारासमोर सरळ करून ठेवल्या.

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. त्या घरासमोर मंडप घालायला बांबू येऊन पडले होते आणि ओट्याच्या कोपऱ्यात माझ्या फ्लेक्सची गुंडाळी उभी होती. मामांनी मला ओळखलं, "म्याडम, तुमी?" म्हणत खुर्च्या दिल्या. मुलीचे वडील आणि आई बाहेर आले. ती मुलगी पाणी घेऊन आली. फोटोतल्यापेक्षा लहान दिसत होती. ताईने तांब्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं.

"मी त्याची दुसरी," ताई म्हणाली. मग ब्लाऊजच्या आतून काळा गोफ ओढून तिने टाक बाहेर काढला. "अन् ही पहिली."

मुलीच्या आईने तोंडाला पदर लावला. वडील सावरून बसले. "आमाले तं सांगतलं की दुसरी डोक्यानं अधू होती. बाई, राग मानू नका, पण असं कुणावर बालंट घेता येत नाही. पुरावा काय हाय तुमच्यापाशी?"

"पुरावा कायचा बापू," ताई म्हणाली, "मी जित्ती हाय ना."

मग तिने सांगितलं. मोटरीचा दोर, वाकणं, पाय उचलणं, बाज. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. मला आतून वाटत होतं, दे ना एक शिवी. मामा मधेच माझ्याकडे बघून म्हणाले, "मंग त्या पुस्तकात तं..." आणि मी म्हटलं, "मामा, ते उलट्या बाजूनं वाचायचं होतं. चूक माझी आहे." वडील जमिनीकडे बघत होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. पत्रिका वाटून झाल्या, पाहुणे निघाले, भावकी काय म्हणेल. मला वाटलं, आता हे म्हणतील, बघू, विचार करू. आमच्या अंगणातले चार असंच म्हणाले असते.

तेवढ्यात ती मुलगी बोलली. हातातला तांब्या तिने अजून खाली ठेवला नव्हता.

"ताई, पाणी किती होतं?"

"उन्हाळा होता," ताई म्हणाली. "कमरेएवढं. खाली गाळ होता, म्हणून वाचली."

"अन् पहिलीच्या वक्ती?"

"दिवाळी झाली होती. काठोकाठ."

मुलीने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, माहं लगन तुळशीच्या लग्नाच्या मागून काढलं हाय."

वडील उठले, खिशातून फोन काढला, नवरदेवालाच लावला आणि मांडवाच्या बांबूंपाशी जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ आमच्याकडे होती, पण आवाज येत होता. "हॅलो. नाही, परवा येऊ नका. साक्षगंध होत नाही... काऊन म्हणजे? तुमच्या घरची एक बाई आमच्या ओट्यावर बसेल हाय. नाही, डोक्यानं चांगली हाय. तुमच्याविषयी सांगून राह्यली. देऊ का फोन तिच्यापाशी?"

तिकडून लगेच फोन ठेवला गेला. ताई पाणी प्यायली. तो अजून मोकळाच फिरतो, त्याच्या नावाचे फ्लेक्स अजून लागतात, फक्त ते आता मी करत नाही. पण फोनवर ताईविषयी ऐकलं तेव्हा त्याचं तोंड कसं झालं असेल, ते मला बघायला मिळालं नाही, आणि याचं वाईट मला आजही वाटतं.